कॉलेजचा समूहगान ग्रुप परदेशातल्या फेस्टिव्हलला न्यायचा असेल तर आधी काय बघावं

नमस्कार मॅडम. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीच्या कॉलेजात समूहगानाचा ग्रुप बघता, युरोपातल्या एका कॉयर फेस्टिव्हलचं इन्व्हिटेशन मेलवर आलंय, फेस्टिव्हल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आत्ता मार्च संपत आलाय, चोवीस पोरंपोरी जायला तयार आहेत पण पासपोर्ट नऊ जणांकडंच आहे, आणि तुम्ही विचारताय की व्हिसा कसा काढायचा आणि स्पॉन्सर कुठून मिळवायचे.

मी मिरजेचा. विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या गाण्याच्या ग्रुपबरोबर बरीच वर्षं काम केलंय, पोरांना घेऊन बाहेरच्या देशांत गाऊन आलोय. सरळच सांगतो, या जुलैला जाऊ नका, पुढच्या जुलैला जा. तुमचा उत्साह मोडायचा नाहीये, हा ग्रुप जावा असं मला मनापासून वाटतंय, म्हणूनच बसून एवढं लिहितोय.

कारण व्हिसा आणि पैसा हे तुमचे खरे प्रश्न नाहीतच. खरा प्रश्न हा आहे की तिथं स्टेजवर उभं राहिल्यावर ही चोवीस पोरं पंचवीस-तीस मिनिटं काय गाणार आणि कशी गाणार. आपली सगळी तयारी युवा महोत्सवाच्या मापाची असते. तिथले नियम तुम्हाला पाठच असतील, समूहगानाला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, फिल्मी गाणं चालत नाही. जिल्हा, मग मध्यवर्ती, मग पुढं इंद्रधनुष्य (राज्यातल्या विद्यापीठांचा महोत्सव) किंवा झोनल, सगळीकडं तेच माप. सहा जणांत प्रत्येकाला स्वतःचा माईक किंवा दोघांत एक, साउंडवाल्यानं एको दिला की आवाज भरदार लागतो. ते चुकीचं नाही, पण चोवीस जणांचं, बिनामाईकचं, अर्ध्या तासाचं गाणं हा वेगळाच प्रकार आहे आणि तो तुमच्याकडं आज तयार नसणार, असं मी धरून चालतो. तयार असेल तर मला दुरुस्त करा, मग माझं निम्मं उत्तर बदलेल.

आणि हे गाण्याचं काम आधी करायचं म्हणतोय ते नुसतं कलेपोटी नाही. व्हिसा ऑफिसर, स्पॉन्सर आणि पोरींचे आईवडील, तिघंही तुम्हाला एकच गोष्ट विचारतात, कुठं चाललाय, कोण बोलावतंय, तिथं नेमकं काय करणार, खर्च कोण करणार. कार्यक्रम कागदावर स्पष्ट असला की या तिघांनाही उत्तर देता येतं. नसला की कव्हर लेटरमध्ये ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असलं काहीतरी मोघम लिहावं लागतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता ते इन्व्हिटेशन नीट वाचा. परदेशातले कॉयरचे कार्यक्रम ढोबळमानानं तीन जातीचे असतात. पहिली जात, नोंदणी फी भरून भाग घ्यायचे मोठे स्पर्धा-महोत्सव. वर्ल्ड कॉयर गेम्स हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव, २००० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला सुरू झाले आणि दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात भरतात. यात राहणं-खाणं-फी सगळं आपलं, आणि हॉटेल बऱ्याचदा आयोजकांच्याच पॅकेजमधून घ्यावं लागतं. यात फसवणूक काही नाही, खूप चांगले ग्रुप असेच जातात, फक्त ‘आम्हाला बोलावलंय’ आणि ‘आम्ही फी भरून चाललोय’ यातला फरक प्राचार्यांना आणि पालकांना पहिल्या दिवशी सांगून टाकायचा. दुसरी जात लोककलेच्या महोत्सवांची. सिऑफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९७० पासूनची, तिच्या छत्राखालच्या महोत्सवांत साधारण पद्धत अशी की प्रवास तुमचा, तिथं पोचल्यावर राहणं-जेवण यजमानांचं. तिसरी जात, दोन विद्यापीठांच्या किंवा दोन कॉयरच्या आपसातल्या भेटी, त्यांच्या घरी आपली पोरं राहतात, पुढं कधीतरी ते आपल्याकडं येतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या टूरसाठी तिसरी जात सगळ्यात चांगली, दुसरी त्याखालोखाल. स्पर्धेत पोरं आपला नंबर येईपर्यंत ताणात असतात आणि दुसऱ्यांचं ऐकायचं राहून जातं. सरकारी मदत म्हणाल तर आयसीसीआर, म्हणजे परदेशी सांस्कृतिक संबंध बघणारी केंद्र सरकारची परिषद आहे, पण तिथं आधी पॅनेलवर यावं लागतं आणि कॉलेजच्या ग्रुपनं पहिल्या टूरचा हिशोब त्यावर बांधू नये.

तुमच्या मेलला उत्तर देऊन एवढंच विचारा: माणशी फी किती, राहण्याचा खर्च कुणाचा, हॉटेल तुमच्यामार्फतच घ्यावं लागेल का, आणि तुमची संस्था ना-नफा म्हणून नोंदलेली आहे का. शेवटचा मुद्दा व्हिसाला लागणार आहे, पुढं सांगतो.

आता गाण्याकडं येतो, कारण माझा जीव तिथंच आहे. युरोपात असल्या महोत्सवांचे बरेच कार्यक्रम जुन्या दगडी चर्चमध्ये होतात. माईक नाही, साउंडवाला नाही, आणि आवाज सोडला की तो लगेच मरत नाही, मोठ्या चर्चमध्ये काही सेकंद घुमत राहतो. आपली द्रुत लय, भराभर येणारे शब्द, ताना, सगळं एकात एक मिसळून लापशी होते. पोरं घाबरतात, आवाज वाढवतात, मग अजूनच गोंधळ. उपाय साधे आहेत पण सवय लागते. लय थोडी उतरवायची. शब्दाच्या शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकाच क्षणी टाकायचं, ‘विठ्ठल’मधला शेवटचा ल चोवीस जणांनी चोवीस वेळा म्हटला तर तिथं तो पावसासारखा टपटपतो. कडवं संपलं की घुमणारा आवाज खाली येईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचं उचलायचं, हे थांबणं शिकवायला सगळ्यात जास्त दिवस जातात. हलगी आणि ढोलकी उघड्या मैदानासाठी केलेली वाद्यं आहेत, दगडी छताखाली ती गाणाऱ्यांना खाऊन टाकतात, तिथं ढोलकीवाल्याला बोटांनी वाजवायला लावायचं किंवा मागच्या कोपऱ्यात बसवायचं. उलट तानपुरा असल्या जागेत असा भरतो की पोरं स्वतःच गप्प होऊन ऐकतात.

याची प्रॅक्टिस सांगलीत कुठं करणार, तर क्लासरूममध्ये नाही. दगडी मंडप, जुन्या वाड्याचा दिवाणखाना, कॉलेजचा रिकामा जिना, जिथं टाळी वाजवल्यावर आवाज परत येतो अशी जागा शोधा. आमच्या मिरजेत डॉ. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळं ख्रिस्ती समाज जुना आहे आणि मराठी उपासनेत एकत्र गाण्याची रीतही आहे. तिथल्या मंडळींशी बोला, चर्चमध्ये रिहर्सलची परवानगी मागा, आणि त्यांचं गाणंही पोरांना ऐकवा. वेगवेगळ्या पट्टीतले आवाज एकाच वेळी कसे चालतात ते व्हिडिओवर बघण्यापेक्षा शेजारी उभं राहून ऐकलेलं पोरांना लवकर कळतं.

काय गायचं? इथं बरेच ग्रुप एक गोष्ट करतात की परदेशी जायचंय म्हणून घाईघाईनं चार आवाजांतली, सोप्रानो-अल्टो-टेनर-बासची इंग्रजी गाणी बसवतात. करू नका. तिथली शाळकरी पोरंसुद्धा ते लहानपणापासून गात आलेली असतात, आपण तीन महिन्यांत तिथं पोचत नाही. तुमच्याकडं जे आहे ते त्यांच्याकडं नाही, ओवी, भारूड, गौळण, गोंधळ, धनगरी ओव्या, अभंगाचा गजर. एकसुरात गाणं कमी दर्जाचं नाही, एकसूर खरंच एक असला तर. चोवीस जणांचा सा एका रेषेत लागला, मागं तानपुरा आणि त्यावर मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं), की समोरचे श्रोते पुढं सरकून बसतात, हे मी बघितलंय. फक्त वैविध्य हवं, सगळीच गाणी टाळ्यांच्या ठेक्यावरची नकोत. अर्ध्या तासात एक अगदी संथ, एक फक्त पोरींचं, एक फक्त पोरांचं, एक सवाल-जवाबाचं, आणि एखादं दोन आवाजांत बांधलेलं, ज्यात एक गट षड्ज-पंचम धरून उभा राहतो आणि दुसरा चाल गातो. एवढं आपल्या पोरांना झेपतं. यजमान देशाच्या भाषेतलं एक छोटं लोकगीत जरूर बसवा, पण उच्चार तिथल्याच माणसाकडून रेकॉर्ड करून मागवा, आयोजक आनंदानं पाठवतात.

स्पर्धेत उतरणार असाल तर परीक्षकांना पाश्चात्त्य नोटेशनची प्रत द्यावी लागते. आपल्या गाण्यांची छापील स्टाफ नोटेशन सहसा नसते, ती तयार करावी लागेल, म्युझस्कोर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कीबोर्ड शिकवणारा एखादा पोरगा पंधरा दिवसांत करून देईल. हयात संगीतकाराची किंवा अलीकडची चाल असेल तर लेखी परवानगी घ्या, पारंपरिक असेल तर तसं लिहा. आणि पट्टी आत्ताच ठरवून टाका. तिथं दुसऱ्या ग्रुपसोबत एखादं गाणं एकत्र म्हणायची वेळ येते, त्यांचा पियानो ४४० हर्ट्झ या ठरलेल्या मापाला किंवा त्याच्या किंचित वर लावलेला असतो, आणि आपली पेटी जुनी असेल तर ती भलतीकडंच असते. पेटी नेण्याआधी ट्यूनरवर तपासा. पोरींची काळी चार-पाच आणि पोरांची काळी एक-दोन, हे मिश्र गाण्यात कुठं जुळवायचं हा निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण त्यावर सगळी गाणी अवलंबून असतात.

वाद्यांचं थोडं सविस्तर सांगतो. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय आणि ते बनवणारे तुमच्यापासून दहा किलोमीटरवर आहेत, तर मोठा भोपळ्याचा तानपुरा विमानात घालायच्या आधी त्यांच्याकडं जा. चपट्या पेटीचे, भोपळा नसलेले प्रवासी तानपुरे ते करून देतात, आवाज थोडा बारीक पण चर्चमध्ये पुरून उरतो. मोठाच न्यायचा असेल तर फायबरची केस, तारा सैल सोडायच्या, घोडी काढून कापडात वेगळी गुंडाळायची, जव्हारी (घोडीवरची तारेचा आवाज खुलवणारी घडण) बिघडली तर तिथं करून द्यायला कुणी नाही. तबल्याची हातोडी हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतात, ती चेक-इनच्या बॅगेत टाका. लेझीमही तिकडंच. कोरड्या हवेत तबल्याची शाई-पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, दमट हवेत उतरतो, त्यामुळं हॉलमध्ये किमान तासभर आधी वाद्य उघडून ठेवायचं. गोंधळ सादर करणार असाल तर पेटती पोत स्टेजवर मिळणार नाही, आगीचे नियम तिथं फार कडक असतात, आयोजकांना आधी विचारा आणि पोतीशिवाय तो भाग कसा उभा राहील ते इथंच बसवा. भंडारा उधळणंही तसंच, शेकडो वर्षांची फरशी असते, विचारल्याशिवाय नको. महागाची वाद्यं आणि कॅमेरे नेताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना ‘हे तिकडं विकत घेतलं का’ असा प्रश्न येत नाही.

आता माणसं कोण न्यायची. हा भाग नाजूक आहे पण स्पष्ट लिहितो. जुलैच्या टूरसाठी आज शेवटच्या वर्षाला असलेली पोरं घेतली तर जुलैत ती कुठल्याच कॉलेजची विद्यार्थी नसतात, निकाल लागलेला किंवा लागायचा, पुढची ॲडमिशन झालेली नाही, आणि व्हिसा ऑफिसरला तर हेच बघायचं असतं की हे पोरगं परत कशासाठी येणार. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं निवडा, किंवा एमएला ॲडमिशन पक्की झालेली. तुम्ही पुढच्या वर्षीचं धरलंत तर आजची एफवायची पोरं तेव्हाही कॉलेजात असतील. दुसरं, प्रत्येक सोलोला दोन माणसं तयार ठेवा आणि ढोलकी-पेटी वाजवणारं एकतरी पोरगं गाणाऱ्यांतच असू द्या. व्हिसा प्रत्येकाचा वेगळा तपासला जातो, ग्रुपमधल्या एकाचा नाकारला जाऊ शकतो, आणि तो नेमका ढोलकीवाला निघाला तर अर्धा कार्यक्रम पडतो. तिसरं, निवड आवाजावर आणि रिहर्सलच्या हजेरीवर करा, कुणाचे वडील खर्च करू शकतात यावर नको. हे शेवटचं मी सगळ्यात जास्त कळकळीनं सांगतोय. कॉलेजात प्राचार्य, तुम्ही आणि अकाउंटंट अशा तिघांपुरतीच माहिती ठेवून काही पोरांचा हिस्सा फंडातून भरता येतो, बाकी पोरांना कळायचीही गरज नाही.

पासपोर्ट. सांगली-सातारा-कोल्हापूर सगळं पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसखाली येतं. साधी फी १५०० रुपये, तत्काळला वरून २००० लागतात. घोळ नावांत होतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर वेगळाच क्रम, कुठं ‘राव’ आहे कुठं नाही, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. फॉर्म भरायच्या आधी सगळ्या पोरांना आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि जन्मदाखला घेऊन एका टेबलाशी बसवा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त, मग पासपोर्ट. विमानाचं तिकीट पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. साथीदार दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी लागते अशी नोंद) येतं, घाबरू नका, तो नियम ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, गाणं म्हणायला युरोपात जाणाऱ्याला त्यानं अडत नाही.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, ठळक-ठळक सांगतो, ब्रिटन किंवा आयर्लंड असेल तर प्रकरण वेगळं. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडं अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमानं पंधरा दिवस आधीपर्यंत, पण मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं, म्हणून मार्चअखेर-एप्रिलमध्ये फाइल आत गेलेली बरी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, बऱ्याच देशांची व्हिसा अर्ज घेणारी सेंटरं पुण्यात आहेत त्यामुळं एका बसमध्ये सगळे जाऊन येतात. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आहे, पण आता ते ना-नफावालं बघा. पंचवीस वर्षांपर्यंतचे, ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या ना-नफा संस्थेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जात असतील तर त्यांना ही फी माफ आहे, सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र द्यावा लागतो. चोवीस पोरांचे ९० युरो म्हणजे लहान रक्कम नाही. त्यासाठी आयोजकांच्या पत्रात त्यांची संस्था ना-नफा असल्याचं स्पष्ट वाक्य हवं आणि तुमच्या शिक्षणसंस्थेच्या ट्रस्टचं रजिस्ट्रेशन जोडायला हवं.

आपल्या भागात फाइल अडते ती आर्थिक कागदांवर. पोरीचे वडील शेतकरी, ऊस किंवा द्राक्ष, उत्पन्न चांगलं पण इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही कारण शेतीवर कर नाही, आणि बँकेत पैसे वर्षातून दोनदा येतात आणि जातात. ऑफिसरला हे चित्र परकं असतं. तेव्हा ते समजावून सांगणारे कागद लावायचे: सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, कारखान्याची ऊसबिलं किंवा बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि वडिलांचं साधं पत्र. शक्य असेल तर त्यांनी यंदा शेतीउत्पन्न दाखवून रिटर्न भरून ठेवावं, वर्षभर हाताशी असल्याचा हाही एक फायदा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी दोन लाख आणून खात्यात टाकायचे, हे करू नका, स्टेटमेंटवर ते लगेच दिसतं आणि चांगल्या फाइलवरही संशय येतो. सगळ्यांवर कॉलेजचं एकच पत्र, नावांची यादी, कुणाचा कुठला खर्च कोण करणार, परत आल्यावर कॉलेज कधी सुरू, आणि त्यासोबत कार्यक्रमपत्रिका, गाण्यांची नावं आणि वेळेसकट. कॉलेज सरकारी असेल तर तुमची स्वतःची परदेशी जायची परवानगी आणि यजमानांचा पाहुणचार घ्यायची परवानगी हेही आधी बघा, त्याला वेळ लागतो.

पैशाचं. स्पॉन्सरकडं मेल घेऊन जाऊ नका, गाणं घेऊन जा. दिवाळीनंतर भावे नाट्यमंदिरात तिकीट लावून तोच अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि त्याला जोडून अजून काही असा प्रयोग करा, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, सहकारी बँका, कारखाने, माजी विद्यार्थी, सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवा. १८४३ मध्ये मराठी नाटक जिथं उभं राहिलं त्या गावात लोकांना पोरांनी काही करून दाखवलेलं आवडतं, आणि ऐकल्यावर दिलेली देणगी ही मेल वाचून दिलेल्यापेक्षा मोठी असते. रोटरीवाल्यांना आणि पालकांना जगप्रसिद्ध ऑपेरा गायक पावारोट्टीची गोष्ट सांगा, ती खरी आहे. वेल्समधल्या लँगोलेनला १९४७ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, १९५५ मध्ये तिथं इटलीच्या मोदेना गावचं एक हौशी कॉयर येऊन पहिलं आलं, त्यात वडिलांशेजारी उभा राहून गाणारा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे लुचानो पावारोट्टी. गायकच व्हायचं हे त्या प्रवासानं मनात बसलं, असं तो पुढं सांगायचा. पैसे कॉलेजच्या खात्यात, प्रत्येक पावती, तुमच्या वैयक्तिक खात्यात एक रुपया नको. दहा किंवा जास्त जण असले की एअरलाइन ग्रुप बुकिंग देते, थोडी रक्कम भरून सीट धरता येतात आणि नावं नंतर देता येतात, व्हिसाच्या आधी रिफंड नसलेलं तिकीट घेऊ नका. टूर कंपनीमार्फत गेलात तर टीसीएस, म्हणजे टूरच्या रकमेवर आधीच घेतला जाणारा कर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर रोख अडकते, बजेटमध्ये ती धरा.

जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सांगलीकरांना सांगायला नको, कृष्णा चढली की पोरं गावातूनच बाहेर पडू शकत नाहीत. वाळवा-पलूसकडच्या नदीकाठच्या पोरांना तीन दिवस आधी सांगलीत आणा आणि अख्खा ग्रुप फ्लाइटच्या दोन दिवस आधी मुंबईत पोचवा. एक रात्र जास्तीची पडली तरी चालेल.

खाऊचं बघा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. म्हणजे यजमानांना साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, तूप नाही. सांगलीचं भडंग न्या, कोरडं, हलकं, आणि त्यांना फार आवडतं. पोरांसाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. शाकाहारी, अंडं चालणारे, उपवासवाले अशी यादी आयोजकांना महिनाभर आधी द्या, आणि ‘शाकाहारी’ म्हणजे मासेही नाही हे वेगळ्या वाक्यात लिहा.

आवाजाचं एवढंच. विमानातली हवा फार कोरडी असते, घसा बसतो, पोरांना पाणी पीत राहायला सांगा आणि रात्रभर गप्पा मारू देऊ नका. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतो, म्हणजे रात्री आठचा कार्यक्रम पोरांच्या अंगाला साडेअकराचा लागतो. पोचल्या दिवशी गाणं ठेवू नका, दुसऱ्या दिवशीही दुपारी झोपवा. आयोजक पहिल्याच संध्याकाळी स्वागताला दोन गाणी म्हणा म्हणतात, नम्रपणे तिसऱ्या दिवसावर ढकला.

तर वर्ष साधारण असं लावा. एप्रिल-मे पासपोर्टचे कागद जुळवणं. जून ते ऑगस्ट निवड आणि गाणी ठरवणं. युवा महोत्सवाचा हंगाम झाला की रोजची रिहर्सल, बिनामाईकची. दिवाळीनंतर सांगलीतला प्रयोग आणि पैसे. जानेवारीत आयोजकांचं पक्कं पत्र आणि सीट, मार्च-एप्रिल व्हिसा, परीक्षा झाल्या की पुन्हा महिनाभर रिहर्सल. विद्यापीठाच्या परीक्षा लांबल्या तर जूनचा काही भाग जातो, तेवढी फट ठेवा.

आणि आज त्या मेलला उत्तर द्या, पाडून ठेवू नका. लिहा की निमंत्रणाबद्दल आभारी आहोत, यंदा विद्यार्थ्यांची तयारी आणि कागदपत्रं वेळेत होणार नाहीत, पुढच्या वर्षीच्या तारखा कळवा, आणि वर सांगितलेले चार प्रश्न विचारा. सोबत पोरांचं एखादं गाणं बिनामाईकचं, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं का असेना, जोडा. उत्तर काय येतं ते इथं टाका, कुठला देश आणि फी किती ते कळलं की व्हिसाच्या फाइलचा नमुना कसा लावायचा ते मी पुढं लिहितो.